एटीआरची कमांड की एअरबसची उजवी सीट? अंबाजोगाईच्या एका को-पायलटला उत्तर

प्रश्न विचारणारी मुलगी अंबाजोगाईची, वय २७. एका छोट्या प्रादेशिक कंपनीत एटीआर ७२-६०० या पंख्याच्या विमानावर को-पायलट आहे. दोन हजारांच्या वर तास झालेत, एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन्स, हातात आहे. कंपनीने तिला कमांड अपग्रेडचं, म्हणजे कॅप्टन होऊन डाव्या सीटवर बसण्याचं पत्र दिलंय, बेस हैदराबाद, तीन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडलं तर कंपनीला रक्कम भरायची. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीत ए३२० या एअरबस जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरची को-पायलट, म्हणूनही तिची निवड झाली. तिथे टाइप रेटिंगचा, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायच्या पात्रतेचा खर्च तिचा तिने करायचा. वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. लेकीच्या सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी, त्यांनी केज तालुक्यातली जमीन बँकेकडे गहाण टाकली, त्यातले ४५ लाख अजून फिटायचेत. ती लिहिते, ‘सर, सगळे म्हणतात जेट सोडू नकोस. लहान विमानाची कॅप्टन होण्यात करिअर आहे का, की मी तिथेच अडकून पडेन?’ पत्राची प्रतही तिने सोबत जोडली आहे.

माझं उत्तर: कमांड घे. पण आधी कंपनी तपास, आणि पत्रातल्या तीन गोष्टी बदलून घेतल्याशिवाय सही करू नकोस. तपासणीत कंपनी नापास झाली तर सरळ एअरबसच्या उजव्या सीटवर जा. आता कारणं सांगतो. जरा लांबेल, पण तुझ्या अण्णांनाही वाचायला दे.

लोक ‘रीजनल कॅप्टन’ म्हणतात तेव्हा दोन गोष्टींची गल्लत करतात. विमान लहान असणं वेगळं आणि कंपनी लहान असणं वेगळं. इंडिगोने २०१७ च्या डिसेंबरमध्ये एटीआर उडवायला घेतली आणि आज त्यांच्याकडे चाळीसहून जास्त एटीआर आहेत. तिथला एटीआर कॅप्टन लहान विमान उडवतो, पण पगार मोठ्या कंपनीचा घेतो आणि एअरबसवर जायचं झालं तर कंपनी बदलावी लागत नाही. अलायन्स एअरचा ताफा मुख्यतः एटीआरचा, पण मालकी सरकारची. गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४ पासून एटीआरवरच उडते. आपल्या कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर जेट उडवते, म्हणजे तिथले तास जेटचे. या सगळ्यांचा कॅप्टन ‘रीजनल’च म्हणवला जातो, आणि प्रत्येकाचं भवितव्य निराळं असतं. तुझ्या बाबतीत विमानही लहान आणि कंपनीही लहान. विमानाची मला अजिबात काळजी वाटत नाही. काळजी आहे ती कंपनीची.

तरी विमानाबद्दल बोलायलाच हवं, कारण पंख्याचं विमान म्हणून एटीआरला कमी लेखणारे तुझ्या आजूबाजूला पुष्कळ असणार. तू दिवसाला चार, कधी सहा सेक्टर, म्हणजे एकेक उड्डाण, करतेस. मुंबई-गुवाहाटी करून परतणाऱ्या ए३२० च्या को-पायलटच्या वाट्याला दोन सेक्टर येतात, आणि त्यातलं एखादं लँडिंग त्याला मिळालं तर मिळालं. शिवाय आपलं विमान पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही. जेट ज्या हवेच्या वरून निघून जातं त्याच हवेत आपल्याला राहावं लागतं, आणि पंखावर बर्फ धरण्याची पातळीही बहुतेकदा तीच असते.

मे महिन्यातली एक दुपार घे. नांदेडसारखं छोटं विमानतळ, बाहेर ४२ अंश, आणि अर्ध्या तासात परत निघायचंय. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं छोटं जादा इंजिन, नसतो, म्हणून उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावायचा. या हॉटेल मोडमधूनच जमिनीवर वीज आणि थंड हवा मिळते. मागून जोराचा वारा असला की तेही करता येत नाही, मग आत बसलेले सत्तर जण घामाघूम. मागच्या दाराने प्रवासी चढताहेत, पुढच्या बाजूने बॅगा भरल्या जाताहेत. तेवढ्यात लोड शीट, म्हणजे वजनाचा तक्ता, हातात येते. विमान पूर्ण भरलेलं आहे, आणि एक इंजिन गेलं तरी सुरक्षित चढता येईल असं या तापमानाचं, या धावपट्टीचं वजन त्याहून दोनशे किलो कमी आहे. हैदराबादला संध्याकाळी वळवाच्या ढगांचा अंदाज, म्हणून तुला जास्तीचं इंधन हवंच आहे. आता बॅगा उतरवायच्या की इंधन कमी करायचं? स्टेशनवरचा पोरगा सांगतो, ‘मॅडम, लग्नाचं सामान आहे, लोक भांडतील.’ ऑप्सवाला (उड्डाणांचं नियोजन बघणारा) फोनवर म्हणतो, ‘अल्टरनेट (पर्यायी विमानतळ) जवळचं घ्या ना कॅप्टन, इंधन वाचेल.’ कुणीही वाईट हेतूने बोलत नाही. ज्याला त्याला आपापलं काम उरकायचंय.

उजव्या सीटवरून तू हे अनेकदा बघितलं असशील, मतही दिलं असशील. डाव्या सीटवर बसलीस की सही तुझी. माझ्या हाताखाली कमांडचं ट्रेनिंग घेतलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलोय, बॅगा उतरव. भांडण जमिनीवर होऊ दे. हैदराबादवर ढग उभा असताना होल्डिंगमध्ये घिरट्या घालत अंतिम राखीव अर्ध्या तासाच्या इंधनाकडे बघत बसण्यापेक्षा नांदेडच्या काउंटरवरच्या दहा जणांचा राग सोसणं केव्हाही बरं. असले निर्णय तुला आठवड्यातून अनेकदा, वयाच्या २८ व्या वर्षी घ्यावे लागतील, आणि चाळिशीत पहिल्यांदा कमांड मिळालेल्या माणसाला ते तितक्या लवकर शिकायला मिळत नाहीत. एटीआरची कमांड घे म्हणतो त्यामागचं माझं पहिलं कारण हेच, पैसे त्यानंतर.

जबाबदारी म्हणजे काय हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ ला दुपारी औरंगाबादच्या चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला धडकलं. ११८ जणांपैकी ५५ जण गेले. चौकशीत निघालं की वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळाची यंत्रणा कमी पडली. दोन्ही गोष्टी एकाच निष्कर्षात आहेत. माझ्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसाला ती बातमी आजही आठवते. कॅप्टन व्हायच्या आधी तू त्या अपघाताचा नीट अभ्यास कर. रस्त्यावरचा ट्रक तुझ्या हातात नसतो. वजन, वेग आणि नाक कधी उचलायचं हे असतं.

दुसरी अभ्यासायची घटना थेट आपल्या विमानाची. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० चा उजव्या इंजिनाचा पंखा उड्डाणानंतर लगेच आपोआप फेदर झाला, म्हणजे पाती वाऱ्याच्या दिशेने वळून त्याचा जोर संपला. कॅप्टनने चालू असलेल्या डाव्या इंजिनाची पॉवर काढली आणि तेच बंद केलं. ४३ जण दगावले. त्या कॅप्टनला सिम्युलेटरच्या तपासणीत टेकऑफच्या वेळी इंजिन निकामी झाल्यावरच्या कार्यपद्धतीतच आधी अडचण आली होती, अशी नोंद अहवालात आहे. म्हणून कंपनीला विचार, कमांडसाठी सिम्युलेटरची किती सेशन्स देणार? एखाद्या गोष्टीत हात कच्चा वाटला तर जास्तीचं सेशन मिळेल का? ‘सीझन सुरू होतोय, पंधरा दिवसांत रिलीज करू’ असं उत्तर आलं तर त्या कंपनीला कॅप्टन घडवायचा नाहीये, रोस्टरचं, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाचं, भोक बुजवायचंय.

आता कंपनी. कास्तकार बाजारात बैल घेताना आधी तोंड उघडून दात बघतो, तशी ती बघायची.

तुझी कंपनी जिथे जिथे उडते त्यातले बहुतेक मार्ग उडान योजनेतले आहेत. या योजनेत ठरावीक जागा कमी भाड्यात विकायच्या आणि त्यातली तूट सरकारने तीन वर्षं भरून द्यायची, असा हिशेब असतो. तीन वर्षं संपली की मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेल्या अहवालातले आकडे डोळ्यांसमोर ठेव. ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकलेले ५४. मराठवाड्याने हे जवळून पाहिलंय. २७ एप्रिल २०१७ ला उडानच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा नांदेडमध्ये केवढा आनंद होता! ते विमान ट्रूजेटचं, एटीआर. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली, आणि नांदेडला पुन्हा नियमित विमान यायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात त्या कंपनीच्या वैमानिकांनी दुसऱ्या नोकऱ्या शोधल्या. मोठं नाव असलं म्हणजे भीती नाही, असंही समजू नकोस. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. फरक एवढाच की मोठी कंपनी खचायला वेळ लागतो आणि बातम्या आधीपासून येत राहतात. पाच-सहा विमानांच्या कंपनीला दोन विमानं भाडेपट्ट्यावरून परत गेली तरी पुरतं.

मी ज्या कंपनीत पहिल्यांदा डाव्या सीटवर बसलो ती पुढे बंद पडली. नाव घेत नाही. पगार थांबला तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला, आत असलेल्यांना नाही. त्याच्या बरंच आधी पीएफ जमा होणं थांबलं होतं. पगारातून टीडीएस कापला जात होता, पण २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या नोंदीत, दिसत नव्हता. हँगरच्या कोपऱ्यात एक विमान महिनोन्महिने उभं होतं आणि त्याचे सुटे भाग काढून दुसऱ्या विमानांना लावले जात होते. इंधन कंपनीवाले उधारी बंद करून रोख मागायला लागले होते. हॉटेलवाला लेओव्हरला, म्हणजे बाहेरगावी मुक्कामाला, गेलेल्या क्रूला खोलीच देईना. यातली एकेकटी गोष्ट फार बोलत नाही. विमान सुट्या भागांसाठी मोठ्या कंपनीतही उभं राहतं. पण पीएफ आणि टीडीएस ही कापून घेतलेली, तुझ्या नावाची रक्कम आहे. ती जी कंपनी वापरून टाकते तिच्याकडे उद्याच्या पगाराचे पैसे नाहीत, असंच धरून चाल.

म्हणून मालकाचं भाषण ऐकण्याआधी स्वतःचं ईपीएफओचं पासबुक आणि २६एएस उघड. दोन्ही घरबसल्या मोबाइलवर दिसतात. मग इंजिनिअरिंगमधल्या माणसांशी चहा पी. विमानांची खरी हालत त्यांना माहीत असते. आणि गेल्या वर्षभरात किती कॅप्टन सोडून गेले, कुठे गेले, ते मोज. दोघं-तिघं मोठ्या कंपनीत गेले तर ते नेहमीचं. ट्रेनिंग कॅप्टनच जायला लागले तर गंभीर.

तुझ्या पत्रातल्या तीन अडचणी आता सांगतो. पहिली, हमीचे तास. आपला पगार मोठ्या प्रमाणात ब्लॉक तासांवर चालतो, म्हणजे चाकांखालचे चॉक काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ. पन्नास मिनिटांचे चार सेक्टर केलेस तर भरतात तीन तास वीस मिनिटं, आणि ड्युटी होते आठ तासांच्या आसपास. एअरबसवाला तेवढ्याच ड्युटीत सहा तास भरून घरी जातो. त्यामुळे दर तासाचा आकडा कितीही छान दिसला तरी त्याला भुलू नकोस. विमान नादुरुस्त होऊन उभं राहिलं, मार्ग बंद झाला, पावसाने आठवडा वाहून गेला, तरी किती तासांचे पैसे मिळणार हा खरा प्रश्न. तुझ्या पत्रात तिथे ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढंच लिहिलंय. धोरण एका ईमेलने बदलतं. आकडा लिहून घे. सत्तर तास माग, साठवर मान्य कर, चाळीसवर नको.

दुसरी, बाँड. तीन वर्षांचा बाँड मला जाचक वाटत नाही, कारण कमांडच्या ट्रेनिंगवर कंपनीचा खरोखर खर्च होतो आणि तुलाही तीन वर्षं राहायचंच आहे. पण तुझ्या पत्रात रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते. ती दर महिन्याला समान हप्त्याने कमी होत गेली पाहिजे. आणि एक ओळ घालून घे की पगार ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकला किंवा कंपनीने उड्डाणं बंद केली तर बाँड आपोआप रद्द. चांगली कंपनी या ओळीला हरकत घेत नाही. घेतली, तर तुला हवं ते उत्तर मिळालंच. कोरे चेक मागितले तर देऊ नकोस. मूळ कागदपत्रं तर कुणाच्याच ताब्यात देऊ नकोस.

बाँडला जोडूनच नोटीस. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला नोकरी सोडताना सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला बारा महिन्यांची. म्हणजे ज्या दिवशी तू डावीकडे बसशील त्या दिवशी तुझी बाहेर पडण्याची वाट दुपटीने लांब होते. तीन वर्षांनी निघायचं ठरवलंस तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीलाच पुढच्या नोकरीच्या मुलाखती, कागदपत्रं, सगळं हलवायला लागेल.

तिसरी, बेस. ‘हैदराबाद, किंवा कंपनी वेळोवेळी ठरवेल ते ठिकाण’ असं लिहिलंय. तुझ्यासाठी हैदराबादला मोल आहे. परळीहून उदगीर, बिदर, विकाराबाद मार्गे रात्रीत रेल्वेने पोचता येतं, आणि आपल्याकडच्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी हैदराबादला असतंच. १ जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आहे, त्यामुळे आठवड्याच्या सुट्टीत अंबाजोगाई गाठून परत येणं जमण्यासारखं आहे. तोच बेस उद्या ईशान्येत कुठे हलला तर महिन्याला एकदा घरी आलीस तरी खूप. किमान अठरा महिने बेस बदलणार नाही, एवढं तरी लिहून घे.

आता तुझा मूळ प्रश्न, अडकून पडशील का?

आधी नुकसान सांगतो. मोठ्या कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून सिनिऑरिटी ठरते, आणि कमांड, बेस, सुट्ट्या बहुतेक सगळं त्या क्रमांकाने मिळतं. आज न जाता तीन वर्षांनी गेलीस तर मधे शेकडो जण तुझ्या पुढे लागलेले असतील. हे नुकसान खरं आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा पुढची बरीच वर्षं कॅप्टन लागणार यात शंका नाही. पण विमानं मिळायला उशीर होतोय. आज उजव्या सीटवर बसणाऱ्याला कमांड कधी येईल हे विमानं कधी येतात त्यावर आहे, आणि ती तारीख तुला कुणीच लिहून देणार नाही. शिवाय तीन वर्षांनी तू एटीआरची कॅप्टन म्हणून गेलीस तरी ए३२० वर बहुधा आधी उजवीकडेच बसवतील. आखातातल्या कंपन्यांना थेट डाव्या सीटसाठी जेटचेच तास लागतात, टर्बोप्रॉपचे त्यांना पुरत नाहीत.

हे सगळं मान्य करूनही मी कमांड घे म्हणतो. वर्षाला साडेसहाशे-सातशे तास धरले तरी तीन वर्षांत तुझ्या लॉगबुकात दोन हजारांच्या आसपास पीआयसी, म्हणजे कॅप्टन म्हणून उडवलेले, तास जमतील. कंपनी बंद पडली, मार्ग गेला, काहीही झालं तरी ते तास तुझेच राहतात. पुढे ज्या कंपनीत जाशील तिथे कमांडची वेळ आली की निवड करणाऱ्यांसमोर दोन प्रकारचे लोक असतात, ज्यांनी कधी निर्णय घेतलेला नाही असे आणि ज्यांनी दोन हजार तास घेतलाय असे. लेखी कुठे नसलं तरी हा फरक पडतो. मी स्वतः वैमानिकांची चाचणी घेताना दुसऱ्या प्रकारचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो. तो रेडिओवर कमी बोलतो आणि इंधन आधी बघतो. आणि वयाचं गणित कर. ३१ व्या वर्षी एअरबसवर गेलीस तरी ६५ ला निवृत्त होईपर्यंत ३४ वर्षं उरतात. त्यात तीन वर्षांचा क्रमांक मागे पडला म्हणून आयुष्य थांबत नाही.

मी अडकलेली माणसं बघितली आहेत, आणि त्यांना एटीआरने अडकवलेलं नव्हतं. एटीआरच्या कॅप्टनचा पगार ए३२० च्या नव्या को-पायलटपेक्षा जास्त असतो. कमांड मिळाली की पहिल्या वर्षी गाडी येते, दुसऱ्या वर्षी गचीबावलीला फ्लॅटचं बुकिंग होतं. तिसऱ्या वर्षी एअरबसचा कॉल येतो तेव्हा लक्षात येतं की पगार कमी होणं परवडणार नाही. मग ‘इथेच बरंय’ म्हणत माणूस राहतो, आणि कंपनी बसली की कर्जासकट बसतो. तुला जायची वाट मोकळी ठेवायची असेल तर तीन वर्षं को-पायलटच्या खर्चात राहा.

त्याचा हिशेब अण्णांसमोर बसून करावा असा आहे. ४५ लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर हप्ता सुमारे ६२ हजार बसतो. कमांडनंतर पगार साधारण दुपटीच्या घरात जातो. त्यातले आणखी एक लाख दर महिन्याला मुद्दलात भरलेस तर हेच कर्ज पावणेतीन वर्षांच्या आत फिटतं. म्हणजे बाँड संपायच्या आधी बोजा उतरून सातबारा कोरा. उलट आज एअरबसला गेलीस तर टाइप रेटिंगचे वीस लाखांच्या आसपास वर चढतील. ६५ लाखांवर तोच हप्ता ८९-९० हजारांचा होतो, आणि ट्रेनिंगच्या महिन्यांत हातात येणारे पैसे त्याला पुरतीलच असं नाही. जमीन कोरडवाहू, एखादा पाऊस गेला की अण्णांच्या पेन्शनवर सगळं येणार. हे ओझं घेऊन सिम्युलेटरमध्ये बसलेली मुलं मी शिकवली आहेत. त्यांचं अर्धं लक्ष बँकेच्या मेसेजवर असतं.

बँकेने मुदतीआधी फेडल्याचा दंड लावला आहे का, ते आधी करारात बघ. पहिल्या वाढीव पगाराबरोबर लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे मेडिकलमुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा, विमाही काढ, हौसेचे खर्च मग. क्लास वन मेडिकल दरवर्षी पास करावं लागतं, आणि एटीआरवर ज्यामुळे माणसं महिनोन्महिने खाली बसतात ती साधी गोष्ट म्हणजे मुतखडा. टर्नअराउंड, म्हणजे दोन उड्डाणांमधला वेळ, लहान, टॉयलेटला जायला वेळ नाही, म्हणून आपण पाणीच पीत नाही, त्यात बाहेर ४२ अंश. महिला वैमानिकांना हा त्रास जास्त, कारण छोट्या विमानतळांवर सोयच नसते. खडा निघेपर्यंत मेडिकल तात्पुरतं अनफिट, उड्डाण बंद, तासांचे पैसे बंद. प्रत्येक सेक्टरला पाणी पी. आणि पाच मिनिटं हवी असतील तर कॅप्टन म्हणून ती घे, विमान पाच मिनिटं उशिरा निघू दे.

स्थळं बघणं चालू आहे असंही तू शेवटी लिहिलंयस. त्यावर मी एवढंच म्हणेन की येणाऱ्याला एक महिन्याचं रोस्टर दाखव. पहाटे तीनची पिकअप, दिवाळीतली स्टँडबाय, रायपूरचा लेओव्हर, सगळं. कॅप्टन झालीस म्हणून यातलं फारसं बदलत नाही.

चीफ पायलटला या आठवड्यात भेट. तिन्ही बदल एका पानावर लिहून ने, तोंडी आश्वासन मिळालं तर त्याच संध्याकाळी मेल करून ‘आज बोलल्याप्रमाणे’ म्हणून लिहून टाक. एअरबसवाल्यांना नकार इतक्यात कळवू नकोस, रुजू व्हायची तारीख महिनाभर पुढे मागून घे. बहुतेक कंपन्या तेवढी देतात. पीएफचं पासबुक मात्र आज रात्रीच उघड. गेल्या चार महिन्यांचे हप्ते त्यात दिसत नसतील तर चीफ पायलटच्या भेटीची वाट बघू नकोस, मला फोन कर. मग टाइप रेटिंगचे पैसे जमिनीला आणखी हात न लावता कसे उभे करायचे ते अण्णांशी मीच बोलतो.